वेलघाणीच्या पांढऱ्या बिया

“या काकीला पोलिसांतच द्यायला हवं,” असं म्हणून डॉक्टर रिपोर्ट लिहायला बसले. मी सहा वर्षांच्या सुमनला स्टमक वॉश देत होते. म्हणजे तोंडातून रबरी नळी घालून पोट धुऊन काढायचं. गोष्ट साठ सालाच्या आसपासची. कट्टा गावाजवळच्या एका दवाखान्यात मी नर्स होते.

सुमनच्या पायाला गळू झालं होतं. आदल्या दिवशी गावात झाडपाल्याचं औषध देणाऱ्या सावित्रीकाकीने त्यावर वेलघाणीचा पाला वाटून लावला होता. वेलघाणी म्हणजे रानटी कृष्णकमळ. पाला चुरगळला की घाण वास येतो, पण गळवावर, सुजेवर गावात सर्रास तोच लावत. सकाळी पोरीला उलट्या सुरू झाल्या, ग्लानी आली. आईने काकीचं नाव सांगितलं आणि डॉक्टरांना तेवढं पुरलं.

काकी बाहेर ओट्यावर बसली होती. “मी पालो भायरसून लायतंय. खावक कोणाक कधी दिलंय नाय,” एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. मला डॉक्टरांचा भयंकर राग आला.

पोटातून निघालेलं पाणी मी खिडकीशी नेऊन पाहिलं. त्यात बिया होत्या, मऊ आणि पांढऱ्या. वेलघाणीची पिकलेली फळं लहानपणी मीही खाल्ली होती. त्यांच्या बिया काळ्या असतात. पांढऱ्या म्हणजे फळ कच्चं, आणि कच्चं फळ विषारी.

“डॉक्टरसाहेब, रिपोर्ट थांबवा. हे पाल्याचं काम नाही.”

“तुम्ही नर्स आहात की सीआयडी?”

“आज दोन्ही. या बिया बघा.”

दुपारी सुमनने डोळे उघडले. “फळां खाल्लंस गो?” मी विचारलं.

“हिरवीच काढलंय. केळी पिकतत तशी भातात घातलंय. पिवळी झाली, मगे खाल्लंय.”

आमच्याकडे केळ्यांचा घड भाताच्या कणगीत पुरून पिकवतात. पोरीने तेच केलं. वरून रंग आला, आत फळ कच्चंच राहिलं.

डॉक्टरांनी रिपोर्ट फाडला आणि ओट्यावर जाऊन काकीपुढे हात जोडले. त्या दिवशी दवाखाना माझ्याच बापाचा असल्यासारखी मी वावरले. तिसऱ्या दिवशी सुमन चालत घरी गेली. गळूही बसलं होतं.

पेशंटने ओकलेलं बघायला कुणालाच आवडत नाही. म्हणून ते नर्सकडे येतं, आणि कधीकधी निदानही तिथेच सापडतं.