निरभ्र आकाशाचा आठवडा

संध्याकाळी रेडिओवर हवामानाचा अंदाज लागला की मी घरात सगळ्यांना गप्प करायचो. मुंबई आणि उपनगरांत आकाश निरभ्र राहील, किमान तापमानात किंचित घट. सोमवारी तेच, मंगळवारी तेच. शेजारी खूश होते. ट्रंकेतले स्वेटर बाहेर निघाले होते आणि ‘झकास थंडी पडलीय ना यार’ म्हणत लोक गॅलरीत चहा पीत होते. मला मात्र रेडिओ उचलून खाली फेकावासा वाटे. आमची तान्ही मुलगी रात्रभर छातीत घरघर घेऊन श्वास ओढत होती, आणि हे निरभ्र आकाशच तिच्या मुळावर उठलंय असं माझं ठाम मत झालं होतं.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी औषध देऊन बजावलं होतं, ‘धुरापासून जपा.’ आता ऐंशीच्या दशकातल्या घाटकोपरात, तेही पूर्वेला, धुरापासून जपायचं म्हणजे कसं? सकाळी दार उघडलं की समोरची इमारत अर्धी गायब. खाडीच्या बाजूनं जळक्या कचऱ्याचा वास, त्यात बेकरीचं धुरांडं, खाली रिक्षा. धूर काय, उन्हाळ्यातही असतो. पण तेव्हा जमीन तापते, हवा हलकी होऊन वर चढते आणि धुराला सोबत घेऊन जाते. हिवाळ्यात रात्री ढग नसले की जमिनीच्या अंगावर गोधडीच नाही. तिची सगळी ऊब वर निघून जाते. लगतची हवा गार, जड होऊन बसते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर, पातेल्यावर झाकण ठेवावं तसा. खाली जे जळेल ते खालीच कोंडतं. शाळेतला भूगोल आठवून आठवून मी हे जुळवलं आणि घरात, ऑफिसात, जो तावडीत सापडेल त्याला ऐकवलं.

परीक्षेपुरते पाठ केलेले खारे वारे आणि मतलई वारेही कामाला आले. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, म्हणून समुद्रावरून येतात ते खारे. रात्री उलटं, जमिनीवरून जातात ते मतलई. खारे वारे आले की आमच्या भागातला धूर हलायचा. पण थंडीत ते दुपारपर्यंत पत्ता लागू देत नाहीत. मी दोरीवरच्या दुपट्यांकडे डोळे लावून बसायचो. ती पूर्वेकडे फडफडेपर्यंत खिडक्या बंद, फटींत जुनी लुगडी कोंबलेली, असा माझा हुकूम होता.

‘अहो, बसा ना जरा,’ बायको म्हणायची. ‘तुम्ही येरझाऱ्या घातल्यानं वारा सुटणार आहे का?’

आई तर माझ्या भूगोलाला भीकच घालत नव्हती. ‘गप रव रे,’ ती म्हणायची. ‘चेडवाक थंडी बाधली, दुसरां काय?’

शुक्रवारी रेडिओनं वाक्य बदललं. आकाश अंशतः ढगाळ राहील. भर थंडीत ढगांसाठी देवाला हात जोडणारा मुंबईत मी एकटाच असेन. शनिवारी रात्री वारा सुटला, आणि रविवारी सकाळी खाडीपलीकडचे डोंगर धुतल्यासारखे दिसले. मी हर्षानं ओरडलोच. खिडक्या उघडायला धावलो, तर ‘चेडवाक वारो लागात’ म्हणून आईनं अडवलं.

आणि त्याच सकाळी मुलीची घरघर वाढली. दूध घेईना, फासळ्या आत ओढल्या जायला लागल्या. बाहेरची हवा आरशासारखी स्वच्छ, मग हे काय? माझं सगळं शास्त्र आडवं झालं. मी तसाच धावत जाऊन डॉक्टरांना घेऊन आलो.

डॉक्टर दारातच खोकले. आत आईनं नुकतंच नातीला न्हाऊ घातलं होतं आणि शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा, वेखंड, ऊद टाकून ती तिला धुरी देत होती. सर्दी होऊ नये म्हणून तान्ह्या बाळाला देतात तशी. घरघर वाढली तशी तिनं सकाळची धुरी संध्याकाळीही सुरू केली होती. मी ते रोज पाहत होतो. धुरीला आमच्यात कोणी धूर म्हणत नाही. बंद खोलीत निळा थर तरंगत होता.

‘आधी खिडक्या उघडा!’ डॉक्टर ओरडले. त्यांनी इंजेक्शन दिलं, बराच वेळ बसून राहिले, आणि जाताना म्हणाले, ‘हे आजपासून बंद.’ दुपारपर्यंत मुलीचा श्वास मोकळा झाला. ती दूध प्यायली तेव्हा बायको रडली आणि मीही रडलो.

आई मोरीपाशी शेगडी घेऊन बसली होती. माझ्याआधी तिला एक मुलगा झाला होता, गावी, कोकणात. तो तान्हेपणीच गेला. मला एवढंच ठाऊक होतं, कारण ती त्याच्याविषयी कधी बोललीच नव्हती.

‘तुझ्या आदी जो झालो,’ ती माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘तेका पण अशीच घरघर होती. तेका मी दोन येळ धुरी देय होतंय.’

आठवडाभर हवेवर झोडलेल्या प्रवचनांतलंच एक मी तिच्यापुढे केलं.

‘नाही गं आई. त्या वर्षी हवाच वाईट असेल.’

आईनं निखाऱ्यांवर पाणी ओतलं. ‘समुद्रावरची हवा रे ती,’ ती म्हणाली. ‘ती खंय वायट असता?’