जिभेचं क्लिक

माझा मुलगा तुर्कस्तानात, जहाजं बांधतात तिथे वेल्डिंगचं काम करतो. लग्न त्यानं तिथल्याच मुलीशी केलं. मी ते फोनवर पाहिलं. आता त्यांना दीड वर्षांची मुलगी आहे. सुनेला मराठी येत नाही, आणि मला मराठीशिवाय काही येत नाही, तेही चौथीपर्यंतचं. रविवारी मी विहारातून आले की फोन येतो, पण बोलतो तो मुलगाच. सून बाजूला बसून हसते, मीही हसते. हसून हसून किती हसणार? मग ती नातीचा हात धरून माझ्याकडे हलवते.

घरात मी एकटी. दिवसभरात चार वाक्यं बोलत असेन, त्यातली दोन कोंबड्यांशी.

एका रविवारी मुलगा कामावर होता आणि सुनेनं एकटीनंच फोन लावला. तिच्या हातात दुसरा एक फोन होता. ती तिच्या भाषेत बोलली की त्यातून मराठी यायचं. त्या फोनला ती बाई की पुरुष ते कळत नव्हतं. तो म्हणाला, "माझी आई वारली. मी उन्हाळ्यात मुलीसह तुमच्या घरी येऊ शकतो का?"

"आई वारली" ऐकलं आणि माझ्या भुवया वर गेल्या, जीभ टाळूला लागून "च्च" निघालं. कुणी गेल्याचं कळलं की आमच्यात आधी तेच निघतं, शब्द मागून येतात. पण माझं ते निघेपर्यंत फोन पुढचंही बोलून मोकळा झाला होता. मी शब्द शोधत राहिले. ये म्हणायचं होतंच, पण आधी तिच्या आईबद्दल काही बोलावं असं मनात होतं. तेवढ्यात तिचा चेहरा उतरला. तिनं मान हलवली, नातीला उचलून घेतलं आणि फोन बंद केला. मला वाटलं, तिला रडू आलं असेल.

पुढचे दोन रविवार मुलगा एकटाच बोलला, आणि तिचा विषय काढू देईना. तिसऱ्या रविवारी मी धीर करून विचारलं, "ती का दिसत नाही?"

"तिला तुझ्याकडे यायचं होतं, आई. तूच नको म्हणालीस."

"मी? मी तर तोंडातून शब्द काढला नाही."

"क्लिक केलंस म्हणे, ती इंग्रजीत तसंच म्हणाली. जाऊ दे आता."

क्लिक म्हणजे मला बोट लावणं एवढंच ठाऊक. गॅसचा नंबर लावताना वाडीतल्या पोरी सांगतात, काकी, इथे क्लिक करा. मला वाटलं, फोन धरताना माझा अंगठा कुठे तरी लागला आणि तिकडे 'नको' असं उमटलं. मी फोन कपाटावर ठेवला. तो वाजला की आधी हात पुसायला जायची, आणि पुसेपर्यंत तो थांबायचा.

चार दिवसांनी शेजारच्या बाईंकडे गेले. त्या शाळेत शिकवायच्या, आता घरी असतात. लाज वाटत होती, पण सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा चढवला आणि फोनमध्ये तो शब्द काढला. एका बाजूला इंग्रजी अर्थ, दुसऱ्या बाजूला तुर्की.

"अगो, एवढ्याशा आवाजाला केवढे अर्थ बघ," त्या म्हणाल्या. "बोटानं बटण दाबणं, ते तिक्लामाक. कडी लागल्याचा बारीक आवाज, ते चितिर्ति. दोन माणसांचं चटकन जुळणं, तेही क्लिक. त्याला ते म्हणतात कायनाश्माक."

"आमचं ते नाही झालं," मी म्हणाले.

"थांब गो. जीभ वाजवणं, शाक्लात्माक. तू जीभ वाजवलीस काय?"

मी च्च करून दाखवलं.

"सासू झालीस, साधं नाक मुरडायला शिकली नाहीस, आणि एका जिभेवर सुनेला परत पाठवलीस," बाई म्हणाल्या. पण त्यांनीच माझ्याकडून मुलाला फोन लावून घेतला.

मुलानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "इथे दुकानात वस्तू नसली तर माणूस बोलतसुद्धा नाही, आई. भुवया वर आणि एकदा च्च. म्हणजे नाही. माझ्याही लक्षात आलं नाही."

आमच्याकडेही पोरं च्यक् करून नाही म्हणतात. पण ते वेगळं आणि हळहळीचं वेगळं, आमच्या कानाला ते लगेच कळतं. तिच्या कानाला कसं कळणार? आई गेल्यावर तिनं माझ्याकडे जागा मागितली, आणि तिला ऐकू आलं की सासू नाही म्हणाली. तीन आठवडे ती तेच घेऊन बसली होती.

मी बाईंना म्हटलं, 'ये' ला काय म्हणतात तेवढं बघा.

"गेल," बाईंनी वाचलं. मग चष्मा सावरत म्हणाल्या, "ये म्हणजे गेल? आणि जा म्हणजे काय, आलं?"

'जा' आम्ही पाहिलं नाही. मी 'गेल किझम' पाठ केलं, म्हणजे 'ये पोरी'. चुलीपाशी म्हणायची, विहिरीवर म्हणायची. तोंडात बसेना. गेल म्हटलं की मला कुणीतरी निघून गेल्यासारखंच वाटायचं.

रविवारी मुलाला म्हटलं, तिला पुढे बसव. ती आली, हसली नाही. मी म्हटलं, "गेल किझम. गेल."

तिनं मुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डोळे भरले. "गेलिरिम आन्ने," ती म्हणाली.

"'येईन, आई' असं म्हणतेय तुला," मुलगा म्हणाला. "पण या उन्हाळ्याची तिकिटं काढून झालीत. ती मावशीकडे जाणार आहे."

"जाऊ दे तिला. मावशी म्हणजे आईच," मी म्हणाले.

मग कधी येशील, हे विचारायचं होतं. पण मुलगा कामाचे बूट घालत होता, आणि नात माझ्याकडे बघत हात हलवत होती, या वेळी कुणी न धरता. मी फोन बंद होईपर्यंत हात हलवत राहिले.