जावईबापूंनी बदललेला लॅपटॉप

अर्जदार : मी स्वतः, वय पन्नाशीपुढे, शिक्षण नववी, धंदा अर्जलेखन, राहणार धुळे. सामनेवाले : माझे जावई, नोकरी जळगाव. घटनेचा दिवस : अधिक महिन्यातला रविवार, धोंड्याच्या जेवणानंतर, व त्यापुढचा सोमवार. साक्षीदार : माझी पत्नी, कोर्टाच्या आवारातले मुद्रांक विक्रेते, आणि शिंदखेडा तालुक्यातील एक अक्का. मामला नात्यातला असल्याने नावे दिलेली नाहीत. आठवण या आकारात मांडण्याचे कारण एवढेच, की इतकी वर्षे कचेऱ्यांच्या दारात बसून दुसरा आकार माझ्या हाताला राहिलेला नाही.

माझा लॅपटॉप जुना होता. तो सुरू होईपर्यंत पक्षकाराचा चहा पिऊन होत असे. रविवारी जावईबापूंनी धोंडे खाल्ले, वाण स्वीकारले, आणि हात पुसत म्हणाले, "मामा, यातलं विंडोज काढून लिनक्स टाकून देतो. आमच्या ऑफिसात सगळे तेच वापरतात. फुकट आहे, आणि मशीन पळायला लागेल."

अधिक महिन्यात जावयाला नाही म्हणणे आमच्या घरात घडलेले नाही. मी "अवश्य" म्हणालो. त्यांनी माझे सर्व मसुदे आधी पेनड्राइव्हवर घेतले व नंतर पुन्हा आत ठेवले, हे नमूद करणे न्यायाचे आहे. पत्नी आतून म्हणाली, "अहो, ते आहेत तोवर एकदा उघडून तरी बघा." मी उघडून पाहिले नाही. पाहिले असते तर पाहुण्यांच्या कामावर संशय घेतल्यासारखे झाले असते.

सोमवारी अक्का सकाळच्या गाडीने आल्या. त्या अंगणवाडीत मदतनीस होत्या. गैरहजेरीचा ठपका ठेवून त्यांना कमी केले होते आणि वरच्या कार्यालयात अपील दाखल करण्याची मुदत त्याच दिवशी संपत होती. अपील मी आधीच लिहून ठेवले होते. फक्त छापून द्यायचे होते. माझ्या मसुद्यांवर साहेब लोक सहसा पेन फिरवत नाहीत, त्यामुळे मी निश्चिंत होतो.

लॅपटॉप खरोखर चटकन सुरू झाला. मी अक्कांची फाइल उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरे, कंस, टिंबे आणि कधी न पाहिलेल्या खुणा भरलेल्या होत्या. मराठी एक अक्षर नव्हते. दुसरी फाइल उघडली, तिसरी उघडली. सगळीकडे तेच. आणखी एखादे बटण दाबले तर उरलेलेही पुसले जाईल, या भीतीने मी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलो.

शेजारच्या टेबलावरून मुद्रांक विक्रेत्यांनी मान लांब केली. "काय नाना, आता लंडनच्या कोर्टात कामं घेता का?"

मी पडदा अर्धा खाली केला. "नवीन पद्धत आहे," एवढेच म्हणालो.

"भाऊ, मना कागद निंघना का?" अक्कांनी विचारले.

मी जावईबापूंना फोन लावला. त्यांच्या मागे कचेरीतली माणसे बोलत होती. अक्षरे दिसत नसल्याचे मी जमेल तितक्या सहज आवाजात सांगितले.

"मामा, काही गेलेलं नाही. तुमचा जुना फॉन्ट यात नाही, एवढंच. मी मीटिंगमध्ये आहे. फार घाई आहे का?"

जावयाला कामावरून उठवायचे कसे? माझ्या तोंडून निघून गेले, "छे छे, घाई काहीच नाही. तुमच्या सवडीने बघा."

फोन ठेवला तेव्हा अक्का माझ्याकडे पाहत होत्या. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "घाई नई शे? भाऊ, मना आज शेवटना दिन शे."

पुन्हा फोन लावण्याचे धैर्य मला झाले नाही. मी कोरे कागद पुढे ओढले.

"मी सांगस, तुम्ही लिखा," अक्का म्हणाल्या.

त्या सांगत गेल्या. अंगणवाडीत खिचडीचे भगोने उतरवताना पाय घसरला, हाड मोडले, दोंडाईच्याला प्लास्टर घातले, म्हणून गैरहजेरी. लिहिता लिहिता माझा पेन थांबला. कामावरून कमी करण्याआधी त्यांना आलेल्या नोटिशीचा खुलासाही मीच लिहून दिला होता. त्यात पाय मोडल्याचे लिहिले होते, की नेहमीचे 'आजारपणामुळे' एवढेच? मला आठवेना. अक्कांजवळ त्याची प्रत नव्हती. माझी प्रत पडद्यावरच्या त्या खुणांत होती.

कार्यालय बंद होण्यापूर्वी हस्तलिखित अपील टेबलावर गेले. लिपिकाने ते उलटून पाहिले, पोच दिली. अक्का मला हात जोडून निघाल्या. त्यांच्या लंगडत्या पायाकडे माझे प्रथमच नीट लक्ष गेले.

आता सुनावणी लागेल. खुलाशात एक कारण आणि अपिलात दुसरे निघाले, तर अक्कांना सर्वांसमोर खोटे ठरवतील, आणि दोन्ही कागदांची भाषा माझी आहे. घाई नाही असे मीच सांगितल्यामुळे जावईबापू कामानिमित्त परगावी गेले आहेत. मी लॅपटॉप रोज सोबत नेतो व न उघडता परत आणतो.

सबब, सामनेवाले यांस विनंती, की अक्कांच्या सुनावणीपूर्वी समक्ष धुळ्यास येऊन तो खुलासा वाचता येईल असा करून द्यावा. अक्षरे परत येणारी नसतील, तर तसे स्पष्ट लिहून कळवावे, म्हणजे अक्कांना मी वेळेत खरे सांगू शकेन. उत्तर माझ्या मुलीच्या हातचे आले तरी चालेल. मात्र ते यावे, ही नम्र प्रार्थना.