गोधडीची साक्ष

वडील लखनौच्या हद्दीबाहेर एका खासगी कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर होते. तिथे छपराचे सिमेंटचे पत्रे बनत. सिमेंटमध्ये ॲस्बेस्टॉस मिसळत. हे धाग्याधाग्यांचं राखाडी खनिज तागाच्या पोत्यांतून येई, आणि पोती रिकामी झाली की कामगारांना स्वस्तात विकत. सत्तरच्या दशकात हे उघडपणे चाले. ती एक सवलतच मानली जाई.

आई वर्धा जिल्ह्यातली. लखनौची थंडी तिला सोसत नसे. तिने पोती उसवली, अंगणात झटकली आणि गोधड्या शिवल्या. खाली पोत्याचे थर, वर जुनी लुगडी. लाल दोरा अमीनाबादहून आणलेला. आम्ही भावंडं त्या गोधड्यांवर झोपत असू.

शेजारी एक बाई राहत. आम्ही त्यांना चाची म्हणत असू. त्यांचे यजमान एका कचेरीत चपराशी होते. आईची गोधडी उलटसुलट करून, खालच्या गोणपाटावर बोट ठेवून चाचींनी विचारलं, "दीदी, इतना बढ़िया टाट कहाँ से लाईं?" आईने वडिलांना सांगितलं, वडिलांनी स्टोअरमध्ये शब्द टाकला आणि चाचींकडे पोत्यांचे गठ्ठे येऊ लागले. त्या ती झटकत, ठिगळं लावत आणि गल्ला मंडीतल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, व्यापाऱ्यांना विकत. दुपारी अंगणात बसलेल्या चाचींचे केस आणि भुवया पांढऱ्या झालेल्या असत. "पाउडर का खर्चा बचता है," असं म्हणून त्या हसत.

मी शाळेत असताना कामगार खात्याचा एक अधिकारी तपासणीला आला. नवे नियम करायचं चाललं होतं. माल ओला करून हाताळायचा, कामगारांना तोंडावर मास्क द्यायचे, रिकामी पोती विकायची नाहीत. कारखानदारांच्या संघटनेचा माणूस खास दिल्लीहून आला. त्याच्या मते कामगारांचा खोकला बिडीचा होता, आणि नियम लावले तर पत्रा महागून गरिबाच्या डोक्यावरचं छप्पर जाणार होतं. त्यांच्या बैठकीच्या आदल्या दिवशी मॅनेजरने वडिलांना सांगितलं, "कल वो घरवाली गुदड़ी लेते आइएगा."

पुढचं मी पाहिलेलं नाही. वडिलांनी घरी सांगितलं तसं लिहिते.

मॅनेजरने गोधडी टेबलावर पसरली. "साहब, इनके बच्चे इसी पर सोते हैं. पूछ लीजिए, किसी को खाँसी है?"

वडील म्हणाले, "नहीं साहब, सब ठीक हैं."

हे खरं होतं. संघटनेच्या माणसाने टाक्यांवरून हात फिरवला. "भई, भाभीजी का हाथ तो मशीन को मात करता है." सगळे हसले. समोसे आले. पोत्यांबद्दलचा नियम पुढच्या बैठकीवर टाकला गेला. ती बैठक झाल्याचं निदान वडिलांच्या कानावर कधी आलं नाही.

ते सायकलच्या कॅरिअरला गोधडी बांधत होते तेव्हा अधिकारी बाहेर आला. "आपने जो कहा, लिख लिया है," तो म्हणाला. "पर बच्चे हैं तो आज ही हटा दीजिए. झाड़िएगा मत, भिगोकर हटाइए. ये बीमारी बरसों बाद पकड़ती है."

त्या संध्याकाळी आईवडिलांचं बोलणं मात्र मी ऐकलं.

"अहो, मग चाचींचं काय?"

"त्यांना सांगितलं की गल्लीभर होईल. उद्या मॅनेजर विचारेल, साहेबासमोर एक बोलता अन् घरी दुसरं?"

"निदान झटकू नका, एवढं तरी सांगते."

"अन् का म्हणून विचारलं तर?"

दुसऱ्या दिवशी आईने गोधड्या भिजवल्या आणि वडिलांनी घरामागच्या पडीक जागेत खड्डा करून पुरल्या. चाची कुंपणाशी आल्या. "हाय दीदी, इतनी मेहनत मिट्टी में! मुझे दे देतीं."

"खटमल हो गए थे," आई म्हणाली.

"तो क्या हुआ? हमारे यहाँ खटमल घर के बुज़ुर्ग हैं."

आमच्या घरी रविवारी वंदना होई. पंचशील म्हणताना चौथ्या, खोटं न बोलण्याच्या शीलाला वडिलांचा आवाज कधी अडखळला नाही. त्यांचं त्या दिवसाचं वाक्य खरंच होतं. आईने मात्र त्यानंतर गोधडी शिवली नाही. बाजारातून कापसाच्या रजया आल्या. अधूनमधून ती चाचींना म्हणे, "ये काम छोड़ दो, आँखें जाएँगी." चाची सुईत दोरा ओवून दाखवत आणि म्हणत, "देखिए, बिना चश्मे के!" गठ्ठे येत राहिले.

ऐंशीच्या दशकात वडील निवृत्त झाले. मी दुसऱ्या शहरात वृत्तपत्रात काम करू लागले. चाचींना जिना चढता येईना. सरकारी दवाखान्यात टीबीची औषधं सुरू झाली, तरी दम वाढतच गेला. दर वेळी त्यांच्याबरोबर आई जाई. एकदा सुट्टीवर आले असताना मीही गेले.

डॉक्टर तरुण होता. त्याने एक्स-रे उजेडाकडे धरला. "दवा पूरी खाई?"

"एक गोली नहीं छोड़ी."

"काम क्या करती हैं? धूल-धुएँ का?"

"बोरी सीती हूँ साहब. सिलाई में कैसी धूल?"

त्याने चिठ्ठीवर तीच औषधं लिहायला घेतली. आई स्टुलावरून उठली. तिची हिंदी इतक्या वर्षांनंतरही वर्ध्याचीच होती. "डॉक्टरसाब, वो बोरी ॲस्बेस्टॉस की है. फैक्टरी की. हमने ही दिलवाई."

डॉक्टरचं पेन थांबलं. "कब से?"

"ये मेरी बेटी छोटी थी, तब से."

"और आप लोगों को पता कब चला?"

आईने माझ्याकडे पाहिलं. "तब भी छोटीच थी."

मग डॉक्टर चाचींशी बोलला. ही टीबी दिसत नाही, असं त्याने सांगितलं. मोठ्या दवाखान्यात दाखवा, पोत्यांना आजपासून हात लावू नका. पण फुफ्फुसात जे झालं ते उलटं फिरणार नाही. चाची पदर सारखा करून बाहेर पडल्या.

जिन्यावर आईने नेहमीसारखा त्यांचा दंड धरला. चाचींनी तो सोडवून घेतला. कठड्याला धरून, थांबत थांबत त्या एकट्या उतरल्या. त्या थांबल्या की मागे आईही थांबे.

फाटकाशी रिक्शा उभी होती. रिक्शावाल्याने आम्हा तिघींकडे पाहिलं. "तीनों चलेंगी?"

चाची सीटच्या मधोमध बसल्या. श्वास जुळायला त्यांना वेळ लागला. मग त्या म्हणाल्या, "एक सवारी है, भैया."