पट्ट्याची शिवण

बॅगा दुरुस्त करणाऱ्या काकांना देवाने बोटांतच डोळे दिलेत. लेकीसाठी लॅपटॉप घ्यायला गेले, तेही तिची रिकामी बॅग खांद्याला अडकवून. विद्यापीठाची चार वर्षं त्या एकाच लॅपटॉपवर निभावायची होती, पुन्हा घेणं झेपणारं नव्हतं. लेकीचं मन मात्र मोठ्या पडद्याच्या लॅपटॉपवर बसलेलं.

काकांनी तो चार्जरसकट बॅगेत घातला, बॅग उचलली आणि पट्ट्याच्या शिवणीवर बोट ठेवलं. दोरा ताणला होता.

"बाबा, लॅपटॉप घेतोय, भाजी नव्हे," लेक पुटपुटली.

"वीस वर्षं पोरांच्या बॅगा शिवतोय. पट्टा तुटतो तो इथेच, आणि आत असतो तो हाच ऐवज."

मग त्यांनी कोपऱ्यातला लहान लॅपटॉप उचलला, चार-पाचदा उघडझाप करून बिजागरी पाहिली.

"याची बॅटरी दिवसभर टिकते," दुकानदार म्हणाला. "चार्जर खुशाल घरी ठेवा."

तो बॅगेत घातल्यावर दोरा जागचा हलला नाही. लेकीने बॅग खांद्याला लावून दुकानात दोन फेऱ्या मारल्या, मोठ्याकडे एकदा बघून घेतलं.

"हाच घेऊ," ती म्हणाली. "बाबा, तुमचं गिऱ्हाईक नाही व्हायचं मला."