लिहिलेला चीक

फाल्गुन सरत आला की मला विषय सुचायला लागतात. पावसाळ्यात माझं डोकं सादळलेलं असतं, थंडीत शाळेच्या स्नेहसंमेलनात आणि सहलीत सगळा जीव जातो. पण ऊन तापायला लागलं, गच्चीवरची फरशी पायाला चटकायला लागली, की जे दिसेल त्याच्यावर कुणाला तरी लिहायला लावावंसं वाटतं. नवा माठ पहिल्यांदा भरल्यावर येणारा वास. कैरी फोडताना दात आंबतात ते. दुपारी दोन वाजता गल्लीत एकही माणूस नसताना वाजणारी कुल्फीवाल्याची घंटा. मी स्वतः फारसं लिहीत नाही. लिहायला सांगते. तेवीस वर्षं मराठी शिकवल्यावर माणसाला दुसऱ्याला कामाला लावायची सवय जडते.

तुळजापुरात आमच्या भागातल्या बायकांचा एक लिहिण्याचा ग्रुप आहे, मोबाइलवरचा. तो मीच काढला. त्यात शिक्षिका आहेत, अंगणवाडीच्या ताई आहेत, दवाखान्यातल्या नर्स आहेत, आणि घर सांभाळणाऱ्या तर बऱ्याच. दर रविवारी सकाळी मी एक विषय टाकते आणि आठवडाभर त्या लिहितात. मी सगळ्यांचं वाचते, प्रत्येकीला दोन ओळी उत्तर देते. या कामाचा मला गर्व होता, हे सांगायला आता लाज वाटते.

माझे नियम कडक. पुस्तकातला उन्हाळा नको, कोकिळा नको, गुलमोहर तर मुळीच नको. आपल्या घरातलं लिहा, आपल्या गल्लीतलं लिहा. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे तक्रारीचा सूर नको. सुरुवातीला सगळ्या जणी नवऱ्यावर, सासूवर आणि नळाच्या पाण्यावर घसरायच्या, म्हणून तो करावा लागला. ‘रडगाणं नको, फक्त चित्र काढा. वाचणाऱ्याला काय समजायचं ते समजेल,’ असं मी ठसवून सांगायची. वाचणारी मीच होते.

आमच्या घराला भिंत लावून एक घर आहे. तिथली बाई माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, ब्लाउज शिवते. तिचा नवरा सोलापूरहून भाविकांना आणायच्या जीपवर ड्रायव्हर होता. मार्गशीर्षात एका सकाळी छातीत दुखतंय म्हणाला आणि दवाखान्यात पोचेपर्यंत गेला. दहावा-तेरावा झाला, पाहुणे पांगले, मुलगा पुण्याला कंपनीत परत गेला. भिंतीपलीकडून दिवसभर फक्त शिलाई मशीनचा आवाज यायचा. मीच तिला म्हटलं, ‘अगं, ग्रुपमध्ये ये. लिहीत जा काहीतरी. मन रमतं.’ ती म्हणाली, ‘मला कुठलं यायलंय ताई लिहायला? आठवीत शाळा सुटली.’ पण आली. पहिले दोन महिने नुसती वाचायची.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. ज्या घरात वर्षाच्या आत माणूस गेलंय, त्या घरी दुखवट्याच्या वर्षात वाळवण घालत नाहीत. पापड नाही, शेवया नाही, कुरडया नाहीत. म्हणून काही त्या घरानं त्यावाचून राहायचं नसतं. कुरडयांसाठी भिजवलेल्या गव्हाचा चीक शिजवला की पातेलं खाली उतरल्याबरोबर पहिला वाडगा त्या घरी पोचवायचा, वाफ निघत असताना. शेजारच्यांनी आणि भावकीनं. त्या घरानं मागायचं नसतं आणि आपण विचारायचं नसतं, नुसतं नेऊन द्यायचं. चीक खाणारा जाणतो की गल्लीनं आपल्याला सोडलेलं नाही. बस, एवढाच त्याचा अर्थ.

पाडवा झाला तसा आम्ही चीक शिजवला. माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, तेव्हा जळकोटला लेकीकडं गेल्या होत्या. मदतीला गल्लीतल्या दोघी आल्या. एरवी चीक हलवायला भिंतीपलीकडचीच यायची. तिच्या हातानं कधी गुठळी झाली नाही, लांब दांड्याचा चाटू ती असा फिरवायची की बघत राहावं. यंदा तिला बोलवायचं नाही हे आम्हा तिघींच्याही बरोबर लक्षात होतं. ‘तिचं वर्ष चालू हाय,’ असं एकीनं हळू आवाजात म्हटलंसुद्धा. रीतीतलं तेवढं अर्धं आम्ही चोख पाळलं. उरलेलं अर्धं कुणालाच आठवलं नाही.

आणि त्या पहिल्या वाडग्याचं मी काय केलं? गच्चीच्या कठड्यावर ठेवला. वरून दूध, साखर, तुपाची धार. सकाळचं ऊन तिरपं आलं होतं, वाफ छान दिसत होती. तीन-चार फोटो काढले, त्यातला बरा निवडून ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘या आठवड्याचा विषय: कुरडयांचा चीक. वास, चव, वाफ, सगळं येऊ द्या!’ मग तो चीक मी खाल्ला. थोडा गार झाला होता.

त्या आठवड्यात ग्रुपला नुसता ऊत आला. कुणी आईच्या हातचा चीक लिहिला, कुणी जाऊबाईनं करपवलेला. मंगळवारी माझ्या शेजारणीनं पहिल्यांदा लिहिलं. इतकंच:

‘यंदा गल्लीत चार घरी चीक झाला. वास चारी घरचा आला. मी सकाळी एक वाटी धुवून दाराजवळच्या फळीवर ठेवते. कोणी आलं तर आत शोधत बसायला नको. दिवेलागणीला वाटी उचलून आत ठेवते. दुसऱ्या दिवशी परत धुते. धुतलेलीच असते, तरी पण धुते.’

मी शाळेच्या स्टाफरूममध्ये ते वाचलं आणि अंगावर काटा आला. खरंच आला. पण तो कसला होता ते सांगते. आपल्या शेजारची, आठवी शिकलेली बाई आपल्या नियमात अचूक बसवून असं लिहून गेली, हा तो काटा. मी लगेच उत्तर टाकलं, ‘वा! अप्रतिम. एकही तक्रार नाही, तरी किती पोचतं! शेवटची ओळ तर फारच सुंदर. सर्वांनी अभ्यासावी.’ पुढं गुलाबाची तीन फुलं. माझ्यामागून बाकीच्यांच्या टाळ्या आल्या, हात जोडलेली चित्रं आली. आमच्या गच्चीवर कुरडया घालायला आलेल्या दोघींनीही टाळ्या दिल्या. ज्या चार घरांबद्दल तिनं लिहिलं होतं, त्यातल्या तीन घरच्या बायका त्या ग्रुपमध्ये होत्या.

दोन दिवसांनी आत्या जळकोटहून परत आल्या. संध्याकाळी मी पेपर तपासत बसले होते, त्या टीव्ही बघत होत्या. मी कौतुकानं म्हटलं, ‘आत्या, ऐका, किती छान लिहिलंय एकीनं.’ आणि वाचून दाखवलं, आवाजात चढउतार घेऊन, वर्गात वाचते तसं.

आत्यांनी टीव्ही बंद केला. ‘कोण म्हनायची ही?’

‘आपल्या शेजारची.’

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. ‘मग तुमी नेऊन दिला न्हाय का गं चीक?’

माझ्या हातात लाल पेन होतं. ते टोपण लावून ठेवलं, परत काढलं, परत लावलं.

‘म्या फोनवर तरी आठवण द्यायला पायजे व्हती,’ आत्या म्हणाल्या. ‘माज्याबी ध्यानातनं गेलं बघ. मला वाटलं, ही काय शिकलेली हाय, घरचं बघंल.’

माझ्या सुपीक डोक्यात पहिली पळवाट लगेच आली. म्हटलं, ‘कुरडया वाळल्यात आता. डबाभर देऊन येते.’

‘वाळल्या कुरड्या दुकानातबी मिळत्यात,’ आत्या म्हणाल्या. ‘गहू भिजत घाल.’

गहू त्याच रात्री भिजत घातले. पण चीक काही मनात आलं म्हणून होत नाही. तीन दिवस गहू भिजतात, रोज पाणी बदलायचं, मग ते वाटायचे, पिळून चोथा काढायचा, रात्रभर निवळू द्यायचं, वरचं पाणी ओतून द्यायचं, तेव्हा कुठं सकाळी शिजवायचा. ते दिवस मला फार जड गेले. रोज सकाळी पाणी बदलताना गव्हाचा आंबूस वास घरभर सुटायचा आणि खिडकीतून पलीकडं जायचा. तिला तो ओळखू येत असणारच. कुरडया झालेल्या घरात परत गहू का भिजलेत, हेही तिला कळत असणार. मला चोरी केल्यासारखं वाटायचं.

मधल्या काळात ती मला दोनदा भेटली, पाण्याच्या वेळेला. ‘ताई, पेपर झाले का तपासून?’ असं नेहमीसारखं विचारलं. मी ‘होत आलेत’ म्हणाले. तेव्हाच बोलायला हवं होतं. घागर खाली ठेवून दोन शब्द बोलायला काय लागतं? पण मला रिकाम्या हातानं माफी मागायची नव्हती. खरं सांगायचं तर मला माझी माफीसुद्धा नीट मांडून, वाफाळती न्यायची होती. सवय जात नाही.

त्यातच रविवार उजाडला. मी विषय टाकला नाही. दहा वाजेपर्यंत वाट बघून आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीच्या एका शिक्षिकेनं स्वतःच लिहिलं, ‘मागच्या आठवड्यातल्या सुंदर लेखनावरून प्रेरणा घेऊन यावेळी विषय घेऊया का, रिकामी वाटी?’ सगळ्यांना तो पसंत पडला. दुपारपर्यंत रिकाम्या वाटीवर तीन कविता झाल्या. एकीत वाटी म्हणजे आयुष्य होतं, एकीत आईचं हृदय. मी मोबाइल पालथा घातला. ‘हा विषय नको’ असं लिहायला मला एक मिनिट पुरलं असतं. पण मग ‘का?’ असं कुणी विचारलं असतं, आणि त्याचं उत्तर द्यायची माझी तयारी नव्हती. त्या कविता तीही वाचत होती.

शेवटी चीक शिजला. आत्यांनी खुर्चीवर बसून चाटू मला धरायला लावला आणि गुठळी होऊ दिली नाही. पातेलं उतरलं तसा त्यांनी वाडगा भरला, वर झाकण ठेवलं. मी म्हटलं, ‘तुम्ही पण चला की.’ त्या म्हणाल्या, ‘म्या दुपारी जाऊन बसंन तिच्यापशी. आत्ता तू एकटी जा.’

दार उघडंच होतं. ती मशीनवर होती, उठून आली. मी वाडगा पुढं केला तसा तिनं तो दोन्ही हातांनी घेतला, पदरानं धरून, कारण पोळत होता. मला बसा म्हणाली, पाणी दिलं. मग चमचा घेऊन माझ्यासमोरच उभ्या उभ्या दोन घास खाल्ले.

‘यास्नी लई आवडायचा,’ ती म्हणाली. ‘पातेलं खरवडून खायचे.’ आणि तिचे डोळे भरले. माझेही.

‘चुकलं गं माझं,’ मी म्हणाले. ‘पहिला वाडगा तुझा होता.’

‘त्याचं काय न्हाय ताई. इसरतंय माणूस. माज्या हातनंबी कुणाचं राह्यलं असंल.’ तिनं चमचा वाडग्यात ठेवला. ‘म्या ते ग्रुपवर का टाकलं ठावं हाय का? कुणाच्या तोंडावर कसं मागायचं? मागत न्हाईत. म्हनलं लिहावं. ताई वाचत्यात, ताईंना कळंल. मग तुमचं उत्तर आलं. लई छान म्हनून. म्या मोबाइल धरून बसले. वाटलं, आता दार वाजंल.’

मी खाली बघत बसले. चिंध्यांचा ढीग होता, ब्लाउजच्या कापडांचा. तिला शेजारीण हवी होती आणि तिथं मास्तरीण निघाली.

‘ते फुलं पाठवलेलं तेवढं जिवाला लागलं,’ ती म्हणाली. रागानं नाही, दुखतं कुठं ते डॉक्टरला सांगावं तसं.

मी उठले. ती दारापर्यंत आली. पायरीवर ऊन आलं होतं, तिनं डोळ्यांवर हात धरला आणि माझ्याकडं बघून पहिल्यांदाच जराशी हसली.

‘आता ह्याच्यावरबी लिहिताल तुमी,’ ती म्हणाली.

‘नाही गं,’ मी म्हणाले. ‘यावर नाही लिहिणार.’ आणि म्हणताना मी ते अगदी मनापासून म्हणाले होते.