विष घालणारा बग्गीवाला

फर्डिनांड हावलिचेक बावीस वर्षं व्हिएन्नाच्या मोठ्या चर्चपाशी बग्गी लावत होता, आणि बावीस वर्षं रोज तीन-चार वेळा गिऱ्हाइकांना सांगायच्या गोष्टीत संगीतकार सालिएरीच्या हातून मोझार्टला विष पाजत होता. गल्लीच्या वळणावर लगाम जरा आवळायचा, गोल हॅट छातीशी धरायची, मागे वळून आवाज खाली आणायचा. "इथून जवळच तो इटालियन राहायचा. दरबारात केवढा मान! पण त्या पोराचं संगीत ऐकलं की पोटात आग..." पुढचं तो सांगतच नसे, नुसती मान हलवी. पाहुण्या बायका चुकचुकत आणि उतरताना बक्षिसी हातावर ठेवत. रविवारची प्रार्थना त्याने कधी चुकवली नाही. मात्र मेलेल्या माणसावर आळ घेण्याचं पाप कोणाच्या माथी, हे त्याने देवाला विचारलं नाही, आणि देवानेही आपण होऊन विषय काढला नाही.

विषय काढायचा तो ओत्मार केश्ल. रांगेत त्याची बग्गी हावलिचेकच्या मागे. तरुणपणापासूनची दोस्ती. घोड्यांना पाणी दाखवून झालं की दोघं कॉफी पीत भांडायचे.

"अरे फेर्डल, मोझार्ट स्वतः गाडी घेऊन सालिएरीला आपला नवा ऑपेरा दाखवायला घेऊन गेला होता. बायकोला पत्रात लिहिलंय त्याने, प्रत्येक गाण्याला सालिएरीने दाद दिली म्हणून. पुढे मोझार्टच्याच धाकट्या मुलाला सालिएरीने शिकवलं."

"मग भांडण नव्हतंच?"

"होतं की! नोकऱ्या थोड्या, वाजवणारे फार. एकमेकांवर कुरकुर करायचे. आपण नाही करत?"

"हे सगळं तू गिऱ्हाइकाला सांगतोस?"

"सांगतो."

"आणि मग?"

"झोपतात," केश्ल म्हणाला.

त्या शरद ऋतूत मालकीणबाई क्राचमर यांनी लग्नांसाठी नवी पांढरी बग्गी घेतली. तिच्यावर कोण बसणार? दोघांनीही अर्ज केला. दोघंही रांगेत उघड म्हणाले, "मलाच मिळणार." सगळे हसले.

शनिवारी हावलिचेक बायकोबरोबर जंगलात गेला आणि छत्रीएवढी अळंबी घेऊन आला. व्हिएन्नाच्या माणसाला अळंबी ओळखता येत नाही असं म्हणणं म्हणजे त्याच्या आईचा अपमान. पालिकेचा तपासनीस फुकट तपासून देतो, पण त्याच्याकडे नवखे जातात. बायकोने ती पावाच्या चुऱ्यात घोळून तळली, आणि सोमवारी डब्यातली चार केश्लने सगळ्यांसमोर बोटं चाटत खाल्ली. तिसऱ्या फेरीला तो पोट धरून वाकला. रुग्णवाहिका आली.

ती वळणाआड जायच्या आत रांगेत कुजबुज सुरू झाली.

"डबा कोणी दिला?"

"हावलिचेकने. आणि पांढरी बग्गी कोणाला हवी होती?"

"स्वतः एकही खाल्लं नाही, मी बघत होतो."

त्याने दोन खाल्ली होती. पण संध्याकाळपर्यंत शून्य झाली, आणि डबा देताना त्याचा हात थरथरत होता, हेही तिघांनी पाहिलेलं निघालं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पित्ताचा खडा दाखवला. रांग म्हणाली, "खडा काय, डॉक्टर लिहितील ते." हावलिचेकला सालिएरीच्या शेवटच्या दिवसांतली आवई आठवली: म्हणे त्याने विष घातल्याचं कबूल केलं. सालिएरीची सेवा करणाऱ्या दोघांनीही लेखी दिलं होतं, तो असलं काही बोललाच नाही म्हणून. केश्लनेच सांगितलं होतं ते. तेव्हा हावलिचेक हसला होता.

बग्गीचं त्याला आता काही वाटत नव्हतं. केश्लला शस्त्रक्रियेला नेण्याआधी एकदा भेटायचं होतं. पण रुग्णालयात खोलीच्या दारात केश्लची बायको गिझेला उभी.

"आत यायचं नाही."

"गिझेला, खडा आहे तो!"

"असेल. पण बावीस वर्षं विषाच्या गोष्टी सांगून पोट भरणाऱ्याच्या तोंडावर मी विश्वास कसा ठेवू?"

"ते खोटं होतं गं."

"कोणाला सांगतोस? मला? जा, रांगेत उभा राहून सांग. उद्या दुपारी याला नेणार आहेत."

हावलिचेक चर्चमध्ये गेला, बाकावर गुडघे टेकून बसला, आणि काही न मागता उठला. सकाळी तो आपल्या बग्गीवर उभा राहिला. वीस बग्गीवाले, तीस पाहुणे.

"मी, फर्डिनांड हावलिचेक, सालिएरीबद्दल आयुष्यभर खोटं बोललो. त्याने कोणाला विष घातलं नाही. देवाने आणि त्याने मला माफ करावं." त्याचे डोळे भरून आले.

पाहुण्यांपैकी एकाने हळूच विचारलं, "मग कोणी घातलं?"

घोडे सोबत आलेल्या बायकोच्या हवाली करून तो रुग्णालयाकडे निघाला. ट्राममध्ये त्याला जाणवलं, आपण हॅट डोक्यावर घालायलाही विसरलो.

गिझेला दारातच होती. तिच्या हातात नुकताच बंद केलेला फोन.

"कोणाचा होता?"

"नावेरनिकचा. रांगेतल्या शेवटच्या बग्गीचा." तिने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "म्हणतो, हावलिचेक बग्गीवर चढून ढसाढसा रडला. माझ्या नवऱ्याला अळंबीतून विष दिल्याचं त्याने सगळ्यांसमोर कबूल केलं. त्याने म्हणे स्वतःच्या कानांनी ऐकलं."

हावलिचेक भिंतीला टेकला. "गिझेला, देवाशपथ—"

"गप्प बस. काय बोलायचं ते मीच तर तुला सांगून पाठवलं होतं." ती एकदम खाली बाकावर बसली. "म्हणजे काल डब्याबद्दल जे ऐकून मी विश्वास ठेवला, तेही असंच उठलं असणार."

आतून केश्लचा बारीक आवाज आला. "फेर्डल आलाय का? पांढऱ्या बग्गीचं कळलं का त्याला? क्राचमरबाईंनी ती खरेदीच्याच दिवशी जावयाला देऊन टाकली होती!"

गिझेलाने बाजूला सरकून दार उघडलं. "जा. पण त्याला हसवू नकोस, दुखतं."